बारा शब्दांची तिजोरी

१

सोमवारी सकाळी चौघींनी मिळून फोन उघडला, तेव्हा तिजोरी रिकामी होती. मागच्या सोमवारी जिथं चार वर्षांची कमाई हिरव्या आकड्यांत झळकत होती, तिथं आता नुसतं एक शून्य होतं. शिवबाईनं फोन तळहातावर आपटून पाहिला, चंद्रव्वानं पदरानं काच पुसली. शून्य काही हललं नाही.

"आणि कपाट?" जुलेखानं विचारलं.

"कपाटाचं कुलूप जसंच्या तसं," शिवबाई म्हणाली. "फोन बी जागेवर. आतलं तेवढं गेलं की वो!"

जुलेखा बागवानची खोली नव्या पेठेत, चपलांच्या दुकानाच्या माडीवर. पोलीस खात्यातली नोकरी सोडून तिनं हा धंदा काढला होता, तो मुख्यतः लग्नाआधीच्या चौकशांचा. मुलगा पितो का, पुण्यातला फ्लॅट त्याचा स्वतःचा की मित्राचा, मुलीच्या अंगावरचे दागिने खरे का. लोक सोयरीक जुळवताना हसत हसत जे लपवतात, ते शोधून पाकिटात घालून द्यायचं. इतकी वर्षं हेच करून माणसांबद्दलचं तिचं मत फारसं चांगलं उरलं नव्हतं, आणि ते ती लपवतही नसे.

समोर बसलेल्या दोघी बाळीवेशीतल्या बचत गटातल्या. गट चौघींचा, काम कडक भाकरीचं आणि उखळात कुटलेल्या शेंगाचटणीचं. 'रत्नम्मा शेंगा चटणी' वैरागपासून माळशिरसपर्यंत खपत होती. स्वतःच्या मालकीचा गाळा घ्यायचा म्हणून साठवलेला पैसा चौघींनी बिटकॉइनमध्ये घातला होता.

"बँकेत काय वाईट होतं?"

"बँकेत पैसा झोपतो वो," चंद्रव्वा म्हणाली. ती साठीची, अंगानं भारी, जिना चढून अजून धापा टाकत होती. "ह्यात रोज उठून बसत हुता. सकाळी भाव बघावं तर वर, सांजच्याला बघावं तर आनि वर. येकदा लई खाली आला, तवा दोगी-तिगी जेवलो न्हाय. परत वर आला. मग वाटायला लागलं, आपन जलमभर भाकरी थापून काय मिळवलं?"

ह्या सुराची जुलेखाला सवय होती. आजकाल चौकशीतल्या निम्म्या नवरदेवांच्या तोंडी तोच असायचा.

तिजोरीची तऱ्हा अशी होती. कपाटातल्या फोनवर पैसा नुसता बघता येई, तोही दर सोमवारी चौघी मिळून. काढायचा तर बारा इंग्रजी शब्द लागत. ते ज्याला ठाऊक, तो जगातल्या कुठल्याही फोनवरून सगळं काढून नेऊ शकतो, आणि एकदा गेलेलं परत मागायला ना मॅनेजर असतो, ना तक्रारीची खिडकी. चौघींनी त्यावर डोकं लढवलं होतं. फोनवर शब्द उमटले तेव्हा एकेकीनं आत जाऊन आपापले तीनच पाहिले, दुसरी दारात पहाऱ्याला. लिहायचे नाहीत, कुणाला सांगायचे नाहीत, एकमेकींनाही नाहीत. म्हणजे चौघी एकत्र बसल्याशिवाय तिजोरी उघडणार नाही.

"मग पोलिसांत का नाही गेलात?"

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "आमच्या मालकाला ठावं न्हाय की," चंद्रव्वा खालच्या आवाजात म्हणाली. "येवढा पैसा हाय म्हनून कळलं असतं, तर इतके दिस तो ऱ्हायला असता का?"

"आन् चोर आमाला ठावं हाय," शिवबाई मध्येच म्हणाली. "तुमी पुरावा तेवढा काढा. येत्या सोमवारी तिला गटातनं काढतो आन् पाकिटावरचं नाव बी बदलतो."

"कुणाचं नाव?"

"पाकिटावर कुनाचं हाय? रत्नम्माचं."

२

शिवबाईकडे कारण होतं. शून्य दिसल्याच्या दुसऱ्या दिवशी चौघी सिद्धेश्वराच्या देवळात गेल्या. 'माझे शब्द मी कुणाला सांगितले नाहीत,' अशी पायरीवर हात ठेवून शपथ घ्यायचं ठरलं होतं. चंद्रव्वानं घेतली, शिवबाईनं घेतली, सर्वांत धाकट्या चंद्रिकानं घेतली. रत्नम्मा वाकली, तिनं हात पुढं केला आणि मागं घेतला. "मला जमत न्हाय," एवढंच बोलून ती तळ्याच्या कडेकडेनं घरी निघून गेली.

दोघींच्या मते तिथंच निकाल लागला. जुलेखाला मात्र तेच खटकलं. चोराला खोटी शपथ कधी जड जात नाही. तिनं आजवर पाहिलेल्या चोरांनी तर ती न मागता घेतली होती.

"बरं, रत्नम्मानं चोरी केली म्हणू," ती म्हणाली होती. "तिच्याकडं शब्द तीन. बाकीचे नऊ तिला कुणी दिले?"

"ते तुमी शोदा," शिवबाई म्हणाली. राग आलेल्या माणसाला उत्तराची गरजही पडत नाही.

फोनवर ही तिजोरी बसवून दिली होती गुरुशांतनं. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, आणि दुकानापुढं कोरी करकरीत फटफटी उभी. जुलेखानं आधी फटफटीकडे पाहिलं आणि मग त्याच्याकडे.

"हप्त्यावर हाय, बाई," तो न विचारताच म्हणाला. "सगळे तसंच बघायला लागलेत. माझं सोताचं ह्या कॉइनमधे किती बुडालं ते मी घरी बी बोललो न्हाय. गिऱ्हाईक इचारतं, गुरुशांत, कमावलास का? मी नुसतं हसतो. हसलो न्हाय तर गिऱ्हाईक जातं."

"आणि हसून त्यांनाही त्यातच घालतोस."

मग त्यानं लॅपटॉप तिच्याकडे वळवला. "हे बघा. ह्याचं येक चांगलं असतं, सगळा व्यवहार चव्हाट्यावर दिसतो. कधी गेलं, कुटल्या पत्त्यावर गेलं, सगळं. पत्त्याला मानसाचं नाव तेवढं नसतं. हे गुरुवारी दुपारी गेलंय, येकदम सगळं."

"कुणाच्या पत्त्यावर?"

गुरुशांतनं ओठ चावला. "ह्या पत्त्यावर शेकडो लोकांचं येऊन पडलंय. ह्याच्या तक्रारी मी वाचल्यात. खोटं ॲप हाय ते. आदी थोडं घालायला लावतात, दुप्पट झालं म्हनून दाखवतात. काढायला गेलं की म्हनतात, आदी टॅक्स भरा. तो भरला की दुसरा टॅक्स."

"म्हणजे ज्यानं चोरलं, त्यानं ते लगेच ह्या लोकांना नेऊन दिलं?"

"व्हय. चोराच्या हाताला काय बी लागलेलं नसनार."

जुलेखा उठली. दुकानाची पायरी उतरताना तिला प्रश्न सुचला आणि ती परत आली. "गुरुवारी गेलं. शब्द त्याच्या आधीच फुटले असणार. बुधवारी बाळीवेशीत काय होतं?"

"बुदवारी?" गुरुशांत आठवायला लागला. "काय न्हाय. चंद्रव्वाच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू हुतं. माजी बायको बी गेली हुती."

३

चटणीच्या खोलीत चंद्रिका एकटी पाकिटं भरत बसली होती. तिशीची, कॉलेजची दोन वर्षं शिकलेली, नवरा चादरीच्या कारखान्यात. बाकीच्या अक्षरं जुळवून एखादा इंग्रजी शब्द लावत, पण गटातले इंग्रजी कागद तीच वाचायची आणि दुकानदारांशी फोनवर तीच बोलायची. खोलीत दाण्यांच्या कुटाचा आणि लसणाचा वास भरून राहिला होता, आणि दाणे भाजल्याच्या धगीनं थंडीतही उकाडा असा की पंखा असून नसल्यासारखा.

"रत्नम्मा काकींनी केलं असेल असं मला नाही वाटत, मॅडम," ती पाकीट तोलत म्हणाली. "ह्या गल्लीत मला त्यांनीच आईसारखं सांभाळलं. पण शपथ का नाही घेतली, ते काही कळत नाही."

"तुमचे तीन शब्द?"

"पाठ आहेत. कुणाला सांगितलेले नाहीत. मी शपथ घेतली आहे."

बाजूला पडलेला तिचा फोन सारखा थरथरत होता. कुठल्या तरी ग्रुपवर कुणी 'सर' एकामागून एक संदेश टाकत होते. चंद्रिकानं तो उलटा करून ठेवला. धंद्याच्या सवयीनं जुलेखाची नजर तिच्या गळ्याकडे गेली. गंठण ठसठशीत होतं, चकाकतही होतं. फक्त घामानं त्याच्याखालची कातडी हिरवट काळी पडली होती. मुलीकडच्यांनी एक ग्रॅमचे, नुसत्या मुलाम्याचे दागिने घालून बसवलेल्या नवऱ्या तिनं कितीतरी पाहिल्या होत्या.

चंद्रव्वा आणि शिवबाई यांनाही तिनं एकेकटीला तोच प्रश्न विचारला. एक अक्षर न लिहिता इंग्रजी शब्द इतके महिने ध्यानात राहिले कसे? दोघींनी सारखंच उत्तर दिलं, आणि सारख्याच तोऱ्यात दिलं. "ते मी माझ्या पद्दतीनं बसवलेत. कुनाच्या बापाला बी कळनार न्हाय."

रत्नम्मा घरी होती. दोन खोल्या, भिंतीवर बसवेश्वरांचा आणि शेजारी नवऱ्याचा, शरणप्पांचा, फोटो. रत्नम्मा पंचावन्नची असेल. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, बाकी सगळं कोरं. चुलीपुढं बसून ती भाकरी थापत होती. गटानं तिचा माल घेणं थांबवलं होतं, तरी कडक भाकऱ्यांची चळत तिच्या बाजूला वाढतच चालली होती.

"ह्या कुणासाठी?" जुलेखानं विचारलं.

"हाताला सवय हाय म्हनून." तिनं भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं. "तुमाला त्यांनीच पाठवलंय, न्हवं? मी चोरी केली न्हाय बाई."

"मग शपथ घ्यायची होती."

"देवापुडं खोटं कसं बोलू?"

"म्हणजे शब्द सांगितलेत तुम्ही."

रत्नम्माचा हात पिठात तसाच राहिला.

"कुणाला?"

"ते मी सांगनार न्हाय. त्या मानसानं माझ्यासाटी जे केलं, ते माझ्या रगताच्या मानसांनी केलं न्हाय. त्याचं नाव निघालं तर ह्या बाया त्याला गल्लीत ऱ्हाऊ द्यायच्या न्हाईत. मी चोर तर चोर."

"पाकिटावरचं नाव काढतायत त्या. चटणी तुमची, हात तुमचा. ह्या तिघींना भाकरी कडक करायला तुम्ही शिकवलंत."

"व्हय की," रत्नम्मा म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते आणि ती ते धुरावर ढकलत होती. "काढू द्या."

४

जुलेखाच्या आयुष्यातला निम्मा वेळ लोकांच्या समारंभांची रेकॉर्डिंगं बघण्यात गेला होता. वराती, डोहाळजेवणं, बारशी. नवरदेवाचा कोणता मित्र झुलतोय, कोणती आत्या कोणाशी बोलत नाही, हे माणसं कॅमेऱ्यासमोर बिनदिक्कत दाखवून देतात. म्हणून तिनं शिवबाई आणि चंद्रव्वाला बोलावून घेतलं आणि शिवबाईच्या फोनमधलं हळदीकुंकवाचं रेकॉर्डिंग लावलं.

चंद्रव्वाची बाहेरची खोली बायकांनी गच्च भरली होती. हळदीकुंकू झालं, तिळगूळ झाला, मग नाव घेण्याचा आग्रह सुरू झाला. कॅमेरा धरलेल्या बाईचा आवाज सगळ्यांत मोठा. "मावशी, जुना नको हां! नवीन घ्या, नवीन!"

पडद्यावरची चंद्रव्वा लाजली, पदर सावरला आणि म्हणाली,

"हॉटेलच्या चहामधे शुगर नको जास्ती,
ब्लँकेट घिऊन झोपलेत रुद्रप्पा, त्यांची-माझी दोस्ती."

खोली हसून लोळली. पाठोपाठ शिवबाईला उभं केलं गेलं. पुन्हा तोच आवाज, नवीन घ्या, नवीन घ्या.

"हेल्मेट नव्हतं डोक्यावर, पोलीस उभा नाक्यावर,
पिझ्झा चारून महेश्वररावांना आणलं मी ताळ्यावर."

जुलेखानं रेकॉर्डिंग थांबवलं. मागं नेलं आणि पुन्हा ऐकवलं. मग तिनं बोटांवर मोजलं. "हॉटेल, शुगर, ब्लँकेट. हेल्मेट, पोलीस, पिझ्झा."

शिवबाईचा चेहरा पांढराफटक पडला. चंद्रव्वानं दोन्ही हात तोंडावर घेतले. "अय्य शिवा!" एवढंच तिला म्हणता आलं.

विश्वास बसायला त्यांना वेळ लागला. इंग्रजी शब्द डोक्यात राहीनात म्हणून प्रत्येकीनं ते नवऱ्याच्या नावात ओवून टाकले होते, कारण नाव घेतलेलं बाई मरेपर्यंत विसरत नाही. तीस बायकांपुढं 'नवीन घे, नवीन घे' असा गलका झाल्यावर नवीन म्हणून ओठांवर तेवढंच आलं. इंग्रजी घातलेली नावं हल्ली सगळ्याच घेतात, त्यामुळं कुणाच्या मनातही काही आलं नसतं. ज्यांना तीन-तीन शब्द आहेत हे ठाऊक होतं, त्यांची गोष्ट वेगळी.

"देवळात पायरीवर हात ठेवून सांगितलंत, कुणाला सांगितले नाहीत," जुलेखा म्हणाली. "तीस जणींत ओरडून सांगितलेत."

"आमचे सहा गेले, मान्य," शिवबाई सावरून म्हणाली. "पन रत्नम्मानं कुटं नाव घेतलं? ती घेनार तरी कशी? मालक जाऊन अकरा वर्सं झाली तिचं. ती आत कॉफी करीत हुती."

"म्हणजे तुम्हीच तिला आत बसवलंत."

"रीतच हाय ती," चंद्रव्वा पुटपुटली.

जुलेखानं रेकॉर्डिंग पुढं चालू केलं. शिवबाईच्या नावानंतर चित्र अचानक डगमगलं आणि मग नुसतं छत दिसू लागलं. फोन कुणीतरी फळीवर ठेवून दिला होता. बायकांचा गोंगाट चालूच होता, आणि त्यात चंद्रव्वाचा आवाज, "अगं, कुंकवाची कोयरी कुटं गेली? आत्ता हितं ताटात हुती." बराच वेळ पंखा गरगरत राहिला. मग फोन पुन्हा हातात आला, कोयरीही ताटात परत आली, आणि आतून रत्नम्मा कॉफीचा ट्रे घेऊन बाहेर आली.

जुलेखानं तिथं चित्र थांबवून मोठं केलं.

रत्नम्माच्या कपाळावर, विभूतीच्या पट्ट्यांखाली, कुंकवाचा लहानसा ठिपका होता, त्या गर्दीत कुणाच्या नजरेत न भरलेला.

"हे कुणी लावलं?" शिवबाई किंचाळलीच.

त्याचं उत्तर जुलेखाला आता ठाऊक होतं. तिनं दुसरंच विचारलं. "हे रेकॉर्डिंग कुणी काढलं?"

५

रत्नम्मानं रेकॉर्डिंगमधला आपला थांबवलेला चेहरा पाहिला. मग फोन तिनं हळूच पालथा ठेवला.

"घरी येऊन पुसलं मी," ती म्हणाली. "पन आदी आरशात बघितलं. खोटं कशाला बोलू?"

जुलेखा पाट ओढून तिच्यासमोर बसली.

"आत कॉफी ढवळत हुते. भाइर ह्यांची नावं चालल्याली, हसनं चालल्यालं. तवर ते मानूस कोयरी घिऊन आत आलं. मला म्हनलं, तुमीच का कोपऱ्यात? मी नको नको म्हनाले, तरी लावलंच कुंकू. मग म्हनलं, आता नाव बी घ्या, मी ऐकते. जुनी नावं मला बसत न्हाईत बाई. त्यात सगळा चुडा आन् सौभाग्य. हे शब्द आले तवा मी येक नवं बांदलं हुतं, रोज भाकरी थापताना मनात म्हनायची. तेवढंच बसत हुतं."

"म्हणून दाखवाल?"

रत्नम्मानं मान खाली घातली, आणि लग्नाच्या पहिल्या वर्षी घेतात तितक्या हळू आवाजात नाव घेतलं.

"मिररमधे कपाळ बघते, विंडोपाशी राहते,
सायकलची घंटा वाजली, की शरणप्पांची वाट पाहते."

लोकांच्या नवऱ्यांची लफडी शोधून काढताना जुलेखाला कधी रडू आलं नव्हतं. आताही तिनं ते येऊ दिलं नाही.

"अकरा वर्सांत मला कुनी म्हनलं न्हवतं, नाव घे म्हनून," रत्नम्मा म्हणाली. "तिनं म्हनलं. आता तिचं नाव सांगून तिला ह्या बायांच्या तोंडी देऊ? इधवेला कुंकू लावलं म्हनून जगू द्यायच्या न्हाईत तिला. तिनं चोरी केली असंल, हे माझ्या मनाला पटतच न्हाय."

'ती' म्हणून गेल्याचं तिच्या ध्यानातही आलं नाही. जुलेखानं ते दाखवून दिलं नाही. उद्या सोमवार होता.

६

चटणीच्या खोलीवर चंद्रिका सकाळी सर्वांत आधी येते, हे जुलेखाला माहीत होतं. कुलूप उघडायच्या आधीच तिनं तिला दारात गाठलं.

"मी सांगते, तू फक्त ऐक," ती म्हणाली. "चंद्रव्वाचे तीन शब्द बाहेर पडले, सगळ्यांनी ऐकले. शिवबाईचेही पडले. रत्नम्माचे तीन आत स्वयंपाकघरात कुणीतरी काढून घेतले. ज्या वेळी कोयरी गायब होती, त्याच वेळी फोन फळीवर होता, म्हणजे कोयरी नेणारी आणि रेकॉर्डिंग काढणारी एकच. आणि रेकॉर्डिंग तू काढत होतीस. आणि बारांतले तीन शब्द कधी कुणाच्या कानावर पडलेच नाहीत. ते तुझे. चोराला तीन जणींचे शब्द मिळवावे लागले, चौथीचे मिळवायची गरजच नव्हती. तिघींत खरी शपथ तेवढी तुझी होती, चंद्रिका. तू खरंच कुणाला सांगितले नाहीस."

चंद्रिकाच्या हातातली किल्ली खाली पडली. ती उचलायला वाकली आणि तिथंच उंबऱ्यावर बसली.

"शब्द नावात गुंफायची युक्ती त्या तिघींना कुणी सुचवली? एकेकीला वेगवेगळी गाठून?"

"तेव्हा मनात काही नव्हतं हो, मॅडम," चंद्रिका म्हणाली. "देवाशप्पथ नव्हतं. त्यांना लक्षात राहीना, म्हणून सांगितलं."

"आणि गंठण कधी गेलं?"

मग सगळं बाहेर आलं. गटाचा पैसा वाढताना बघून तिलाही वाटलं, आपलंही थोडं असावं. ग्रुपवरचे ते 'सर' रोज मराठीत गोड बोलायचे, ताई म्हणायचे. आधी थोडे घातले, आठवड्यात वाढलेले दिसले. मग गंठण मोडलं, बांगड्या मोडल्या. आकडा फुगत गेला. काढायला गेली तर म्हणाले, आधी टॅक्स भरा, नाहीतर सगळं जप्त. घरात सांगायची सोय नव्हती.

"सोमवारच्या आधी परत ठेवणार होते. कुणाला कळलंही नसतं."

"हे सगळं त्यांना सांग," जुलेखा म्हणाली. "पैशाचं सांग. रत्नम्माकडून कसे काढलेस, ते मात्र बोलू नकोस. तेवढं मी सांभाळते."

तिघी आल्या. रत्नम्मालाही निकाल ऐकायला बोलावलं होतं, ती दाराजवळच उभी राहिली. चंद्रिकानं भिंतीकडे बघत सगळं सांगितलं. शिवबाई तिच्या अंगावर धावून गेली, चंद्रव्वानं कन्नडमधून शिव्या घातल्या, मग दोघी रडल्या. रडणं ओसरल्यावर शिवबाईनं नाक पुसलं.

"त्या ॲपमधे आता काय दिसतंय?"

चंद्रिकानं फोन उघडून पुढं धरला. आकडा हिरवा होता आणि गेल्या आठवड्यापेक्षाही वाढलेला होता. शिवबाई आणि चंद्रव्वा दोघींची डोकी त्यावर वाकली.

"येवढं झालंय?" चंद्रव्वा म्हणाली. "मग तो टॅक्स का काय, तो भरला तर?"

"खोटं आहे ते!" जुलेखा ओरडली. "नुसतं चित्र आहे!"

"व्हय, व्हय," चंद्रव्वा म्हणाली, पण मान वर करायला तिला वेळ लागला.

शिवबाईच्या मनात आता दुसरंच आलं होतं. "आमचे शब्द तर आमीच ओरडलो. रत्नम्माचे तीन कसे काढलेस ग?"

"ते सोडा," जुलेखा घाईनं म्हणाली. "चोर सापडला. रत्नम्मावरचा आळ गेला, एवढं पुरे."

"सोडायचं कसं, बाई?" रत्नम्मा म्हणाली. ती दारापासून आत आली आणि चंद्रिकाच्या समोर उभी राहिली. तिच्या आवाजात राग नव्हता, विनवणीच होती. "मला येवढंच सांग पोरी. त्या दिवशी कोयरी घिऊन आत आलीस, तवा मनात काय हुतं? मला कुंकू लावायचं हुतं, का शब्द पायजे हुते?"

शिवबाई आणि चंद्रव्वा एकमेकींकडे बघायला लागल्या. जुलेखानं आयुष्यभर माणसांचं खोटं उघडं पाडलं होतं. पहिल्यांदाच तिला वाटलं की समोरच्या बाईनं आता धडधडीत खोटं बोलावं, आणि ते चांगलं जमावं.

चंद्रिका जमिनीकडे बघत राहिली. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

"शब्द," ती म्हणाली.

रत्नम्मानं मान हलवली. बाजारात भाव ऐकून परवडत नाही म्हणून पुढं निघताना हलवतात तशी.

शिवबाईनं पुढं होऊन तिचे हात धरले. "रत्नम्मा, चुकलो ग आमी. पाकिटावर तुझंच नाव ऱ्हाईल. तू म्हनशील तसं."

"ऱ्हाऊ द्या," रत्नम्मा म्हणाली आणि तिनं हात सोडवून घेतले. मग ती जुलेखाकडे वळली. "तुमी तुमचं काम चोख केलं बाई. तुमाला बोल न्हाय. पन मला चोरच ऱ्हाऊ द्यायचं हुतं. चोर हुते तवर मला येक मानूस हुतं."

रत्नम्मानं पदर खोचला, परात पुढं ओढली आणि त्यात ज्वारीचं पीठ घेतलं.